चिस्तू वाजवाले शिकायचं असन तर

भाऊ, चिस्तू म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकायची बासरी, आडवी नाही उभी धरा लागते, तोंड शिट्टीसारखं. भोकं फक्त 3, दोन समोर, एक मागं अंगठ्यासाठी. डाव्या हाताची अनामिका खालच्या रिंगमधी अडकवा, बाकी बोटाइनं भोकं झाका, कारण उजव्या हातात काडी असते, डाव्या हातालेच लटकवलेला छोटा ढोल वाजवाले, एकटा माणूस दोन्ही सांभाळते!

आधी हळू फुंका, मंग जोर वाढवा, बोटं तीच ठेवली तरी वरचा सूर निघते, खरी करामत इथंच आहे, म्हणून आठ-दहा दिवस ढोल बाजूले ठेवा अन नुसती फूक सांभाळा. तिकडं लग्नात, मानाच्या पाहुण्यासमोर आउरेस्कू नाच होते तो यावरच, मले तर आपल्या पोळ्यातली सनई-डफडी आठवते.