पेनकिलर जास्त झाली? या चुका टाळा

पावसाळा लागला की ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, घरोघरी कुणीतरी तापाने फणफणलेलं असतं. अंग ठणकतंय, पण सुट्टी मिळत नाही. मग सकाळी डोलो, लोकल पकडायच्या आधी कॉम्बिफ्लॅम, ऑफिसात कुणी दिलेली सर्दीची गोळी आणि झोपताना पुन्हा डोलो. घेणाऱ्याला वाटतं, तीन वेगळी औषधं घेतली. पण डोलोत पॅरासिटामॉल आहे, कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही तेच असतं. पहिली चूक इथेच होते. नाव वाचलं जातं, त्याखालची बारीक अक्षरं वाचली जात नाहीत.

निरोगी प्रौढ माणसाला चोवीस तासांत पॅरासिटामॉल जास्तीत जास्त ४ ग्रॅम चालतं. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम, तिथेच मर्यादा संपली. रोज दारू घेणारे, लिव्हरचा जुना आजार असलेले, अगदी किरकोळ वजनाचे, तापात दोन-तीन दिवस नीट न जेवलेले किंवा टीबीची औषधं चालू असलेले यांच्यासाठी ती आणखी खाली येते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आकडा ठरवू नये.

‘आता बरं वाटतंय, सकाळी बघू’

सगळ्यात जास्त घात करणारी चूक ही. गोळ्या जास्त झाल्यावर पहिल्या दिवशी थोडी मळमळ, एखादी उलटी, घाम येतो. कित्येकांना तेवढंही होत नाही. माणूस चहा पितो, बोलतो, टीव्ही बघतो, आणि घरचे निर्धास्त होतात.

आत मात्र वेगळं चाललेलं असतं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी रूप घेतो. एरवी ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते विष निकामी करतो. डोस जास्त झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि विष लिव्हरच्या पेशी मारू लागतं. उजव्या बरगडीखालचं दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं. डोळे पिवळे होणं, बडबडणं, भ्रम होणं, रक्तस्राव हे त्याहून पुढचं. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर लिव्हर वाचण्याची शक्यता फार मोठी असते. उशीर झाला तरीही तो देतात, म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणत घरी बसू नका. फक्त त्रास व्हायची वाट बघत थांबलात, तर हेच आठ तास हातचे जातात. लक्षणं बघू नका, गोळ्या मोजा आणि घड्याळ बघा.

म्हणून फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी उघडेल म्हणून थांबणंही नको. थेट कॅज्युअल्टी गाठा: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल. पेशंट गुंगीत असेल, श्वास नीट नसेल किंवा फिट आली असेल तर १०८ला फोन करा. तोवर त्याला कुशीवर झोपवा आणि तोंडात काहीही घालू नका.

मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि गोळ्या सगळ्या बाहेर पडल्याची खात्री तरीही नसते.

रिकाम्या स्ट्रिप्स कचऱ्यात गेल्या असतील तर काढून सोबत घ्या. किती गोळ्या, कुठल्या, किती वाजता, हे डॉक्टरांना नेमकं हवं असतं, कारण रक्तातलं प्रमाण गोळ्या घेतल्यानंतर चार तासांनी तपासलं की अर्थ लागतो. दिवसभरात थोड्या थोड्या घेतल्या असतील तर तेही स्पष्ट सांगा, तिथे हिशोब वेगळा असतो.

सगळ्या पेनकिलर सारख्या नाहीत. अ‍ॅस्पिरिन जास्त झाली की कानात आवाज येतो, श्वास जोरजोरात चालतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने पोटात रक्तस्राव होऊन शौच काळी होते, किडनीवर ताण येतो. डेंग्यूची शंका असताना या तिन्ही घेऊच नयेत.

लहान मुलांच्या बाबतीत घोटाळा बाटलीचा होतो. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा २५०. ड्रॉप्स सिरपसारखे चमचाभर दिले तर बाळाच्या पोटात एकदम ५०० जातात. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५०पेक्षा जास्त द्यायचं नसतं. बाटलीसोबत आलेला ड्रॉपरच वापरा.

लपवू नका

गोळ्या मुद्दाम घेतल्या असतील तर घरचे पोलिसांच्या भीतीने ‘चुकून घेतल्या’ म्हणतात आणि आकडा कमी सांगतात. त्यावर उपचार ठरतात, म्हणून खरं सांगा. हॉस्पिटल पोलिसांना कळवेल, पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा करण्यासाठी नव्हे, तर सावरायला मदत करण्यासाठी. त्याला रागावू नका, एकटं सोडू नका. घरातल्या उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांकडे ठेवायला द्या आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला. तिथे मराठीत बोलता येतं.