पहिला पेन टॅब घेताय? या चुका टाळा, मी करून बसलोय

पेन टॅब म्हणजे लॅपटॉपला जोडायची पाटी, तिच्यावर पेन फिरवलं की रेघ स्क्रीनवर उमटते. मागच्या हप्त्यात गंगाखेडहून मामाच्या पोरीचा फोन. "दादा, टॅब खराब निघालाय वाटतं, मी गोल काढायलेय आन् स्क्रीनवर अंडं उमटायलंय." म्हणलं परत करू नको, थांब. टॅबला काहीच झालं नव्हतं. तिचा टॅब १० बाय सव्वासहा इंचाचा, म्हणजे १६:१०, आन् लॅपटॉपची स्क्रीन १६:९. ड्रायव्हर (टॅब चालवणारं लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर) काय करतो, अख्खा टॅब अख्ख्या स्क्रीनवर ताणून बसवतो, मग गोल आडवा फुगणारच. ड्रायव्हरमधे वर्किंग एरियाची सेटिंग असते, तिथं स्क्रीनच्या प्रमाणात किंवा फोर्स प्रपोर्शन्स असं काहीतरी असतं, ते चालू करायचं. खालची अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पट्टी बंद पडते, पडू द्या. आन् दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर टॅब दोन्हीवर पसरतो, तेव्हा तर गोलाची पार भाकरी होते, एकच मॉनिटर निवडायचा.

माझी चूक याच्याहून येडी होती. नांदेडला फ्लेक्स आन् लग्नपत्रिकेचं काम करतो, माऊसनं नक्षी काढून मनगट दुखायला लागलं म्हणून स्वस्तातला ४ इंची टॅब मागवला, फोटोत मोठा दिसत होता. आता हिशोब बघा, १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण साडेचौतीस सेंमी रुंद आन् टॅब दहा सेंमी, म्हणजे हात १ सेंमी हलला की स्क्रीनवर रेघ जवळजवळ साडेतीन सेंमी पळते. पैठणीच्या काठावरची मुनिया काढायची होती एका पत्रिकेवर, तिच्या मानेचा बाक काही केल्या येईना, हात जरा थरथरला की मान मोडल्यासारखी दिसायची. सही करायला, पीडीएफवर खुणा करायला ठीक आहे तो, चित्रासाठी नाही. कमीत कमी ६ बाय ४ घ्या, आन् टेबलावर जागा असेल तर १० बाय ६. त्याच्याहून मोठा पहिल्यांदाच नको, कीबोर्ड कुठं ठेवणार मग.

घेताना माप बघायचं ते रेघ उमटते त्या भागाचं, ॲक्टिव्ह एरियाचं. खोक्यावरचं नाही, अख्ख्या टॅबचंही नाही.

प्रेशर लेव्हलचं, म्हणजे पेनाच्या दाबाचे किती टप्पे टॅबला कळतात त्याचं, लई कौतुक असतं लोकांना. २०४८, ४०९६, ८१९२, आता तर १६३८४ पण आलेत. एवढे बारीक फरक हाताला कळत नाहीत हो. वन बाय वॅकॉम नावाच्या टॅबला २०४८ च आहेत आन् त्याच्यावर मजेत काम होतं. बघायचंच असेल तर पेन किती हलकं टेकवल्यावर रेघ सुरू होते ते बघा, आन् पेन बिनबॅटरीचं आहे का ते. हल्ली बहुतेक तसेच येतात, टॅबच पेनाला शक्ती पुरवतो, चार्जिंगची कटकट नाही. फक्त एका कंपनीचं पेन दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर चालेल असं समजू नका.

स्क्रीनवाला टॅब पाहिजेच म्हणणारे पण भेटतात. घ्या पैसे असतील तर, पण त्याला वायरी जास्त, बऱ्याच मॉडेलला वेगळी लाइट लागते आन् आपल्याकडं लाइट कधी जाईल काय की. साधा टॅब लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो. हात खाली आन् नजर वर, याची सवय व्हायला काही दिवस जातात, पहिल्याच दिवशी "मला नाही जमत" म्हणून कपाटात टाकू नका.

लॅपटॉप नसेल आन् मोबाइलला जोडायचा असेल तर आपलं मॉडेल चालतं का ते आधी बघून घ्या. चाललं तरी फोन उभा धरल्यावर बऱ्याच टॅबची फक्त एक छोटी पट्टीच कामाला येते. मी अख्खा टॅब घासत बसलो होतो.

दोन दिवसांनी गंगाखेडचा परत फोन, "दादा, पेन फिरायलंय पण रेघ जाड-बारीक होईना." विचारलं, आधी कुणाचा टॅब लावला होता का, तर हो, मैत्रिणीचा, वेगळ्या कंपनीचा. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र राहिले की अशी भांडणं होतात. दोन्ही काढले, लॅपटॉप रीस्टार्ट केला, मग कंपनीच्या साइटवरून तिच्या मॉडेलचा नवा ड्रायव्हर टाकला. तरी क्रिटात (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) तेच, फोटोशॉपात बरोबर. मग क्रिटाच्या टॅबलेट सेटिंग्जमधे विनटॅब होतं ते बदलून विंडोज इंकवालं केलं (पेनाचा दाब वाचायच्या या दोन पद्धती), क्रिटा बंद करून परत उघडलं, झालं सुरू. तुमच्याकडं उलटं असू शकतं, दोन्ही करून बघा. पेन टेकवून धरल्यावर गोल रिंग येत असेल तर तो विंडोजचा राइट क्लिक आहे, पेनाच्या सेटिंगमधे बंद होतो.

पेनाची निब झिजते, खडबडीत टॅबवर लवकर. एका बाजूनं पाचरीसारखी झाली की टॅबवर ओरखडे पडायच्या आत बदला, जास्तीच्या निब बहुतेक खोक्यातच असतात, खोकं फेकू नका (मी फेकलं).

आन् ते दोन बोटांचं हातमोजं वेगळं विकत घेऊ नका. मे महिन्यात हात घामानं टॅबला चिकटतो हे खरंय, पण जुना सुती पायमोजा कापून करंगळीकडची बाजू झाकली तरी भागतं, मामीनं शिवून दिलंय तिला तसंच.