मीटर शून्य दाखवतंय म्हणून पुढे जाऊ नका: रेडिएशन मोजताना या चुका टाळा

वाळूज असो की जालना, रात्रपाळीला वेल्डची आरटी (रेडिएशनने फिल्मवर फोटो काढून तपासणी) करणारी नवी पोरं एक चूक हमखास करतात. मीटरचा काटा शून्यावर दिसला की किरण सोडणारा सोर्स कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या जाड कवचाच्या पेटीत, परत गेला असं धरून चालतात.

मीटरमधल्या गायगर ट्यूबला, म्हणजे किरण मोजणाऱ्या नळीला, एक किरण मोजला की सावरायला क्षणभर लागतो. उघड्या इरिडियमच्या सोर्सजवळ मारा इतका असतो की तिला सावरताच येत नाही, आणि जुन्या मीटरचा काटा सरळ शून्याकडे पडतो. नव्या मीटरवर ओव्हरलोडची सूचना येते, पण साइटवर कुठलं मीटर हाती पडेल याचा नेम नसतो.

प्रेशर व्हेसलच्या एका शॉपमध्ये हे डोळ्यांनी पाहिलंय. सोर्स गाईड ट्यूबच्या (कॅमेऱ्यातून वेल्डपर्यंत जाणाऱ्या नळीच्या) टोकाशी अडकलेला. हेल्परला सोर्स आत ओढणारा क्रँक पूर्ण फिरल्यासारखा वाटला. गडी मीटर बंद ठेवूनच भराभर आत गेला आणि ट्यूबजवळ पोचल्यावर चालू केलं. शून्य! फिल्म काढायला वाकणार तेवढ्यात सीनियर ओरडला, "मागं फिर, पळ!" तो धोक्याच्या हद्दीला बांधलेल्या दोरीबाहेर उभा होता, आणि त्याच्या मीटरचा काटा अजून खाली आलाच नव्हता.

म्हणून मी मीटर दोरीबाहेरच चालू करतो. आधी बॅटरी, मग एक्स्पोजर चालू असताना काटा चढलेला बघायचा, सोर्स आत घेतल्यावर उतरलेला. त्यानंतर मीटर पुढे धरून कॅमेऱ्यापर्यंत, तिथून ट्यूबच्या टोकापर्यंत. वाढणारा काटा एकदम पडला तर पाय मागे. सोर्स आत असला तरी कॅमेऱ्याच्या अंगाशी थोडं रीडिंग यायलाच हवं; तिथे शून्य आलं तर मीटरच मेलंय. दोन मिनिटं वाचवायला यातलं काही गाळणारा माणूस मला टीममध्ये नको.

टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला डोस नोंदवणारा बिल्ला, छातीवर लावायचा, कॅमेऱ्याच्या खोलीत खुंटीला टांगायचा नाही. आणि तो काही चिलखत नव्हे. काय झालं ते तिमाही संपल्यावर सांगतो, तेव्हा सांगून उपयोग काय?

मीटरवरची एककं बघा: ताशी 1 मिलिरॉन्टजेन म्हणजे साधारण 10 मायक्रोसिव्हर्ट.

भंगार वितळवणाऱ्यांनो, गेटवरचा रेडिएशनचा अलार्म 'खोटा असेल' म्हणून बंद करू नका, ट्रकही हळू काढा. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-60 भंगारातूनच आला आणि एकाचा जीव गेला.

रजिस्टरात कॅमेऱ्याजवळचं मागचंच रीडिंग उतरवणारेही आहेत. इरिडियम-192 साधारण 74 दिवसांत निम्मं होतं. त्याच सोर्सचा आकडा तीन महिने जागचा हलत नसेल, तर तपासणाऱ्याला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही.