जुन्या घराचं हॉटेल करताना: आधी ओल काढा

पणजीच्या फोंतेन्हास भागातल्या काही जुन्या घरांची आता छोटी, उंची हॉटेलं झाली आहेत. असं घर हाती घेतलंत, तर पहिला पैसा झुंबरांवर नाही, भिंतींवर घाला. हा भाग जतन क्षेत्रात येतो, म्हणून दर्शनी बाजूला हात लावण्याआधी परवानगी घ्या.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा जमिनीतली ओल वर ओढतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत जाऊ देतो. त्यावर सिमेंट चढवलं की वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, लोणा (भिंतीवर फुटणारं मीठ) लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटतो. कठीण सिमेंट सुटताना चिऱ्याचा पापुद्राही घेऊन जातं, आणि हे नुकसान भरून येत नाही.

म्हणून सिमेंट छिन्नी-हातोडीनं, हलक्या हातानं काढा. फोडकामाचं ब्रेकर यंत्र लावू नका. हे काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू करा आणि भिंत काही आठवडे उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत जातो.

कळीचा चुना निदान पंधरा दिवस, जमल्यास तीन महिने पाण्याखाली मुरवा. पाण्यात चुना थोडाथोडा सोडायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. मुरलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग. जोत्याजवळ, जिथे ओल जास्त, तिथे निम्म्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी घाला. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ पुढे लोणा होऊन बाहेर येतं.

भिंत शिंपडून पहिला थर १२ ते १५ मिलिमीटर, दुसरा ८ ते १०, शेवटचा ३. अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला, पण नखानं ओरखडा उठतोय, तेव्हा पुढचा थर द्या. घाई केली की भेगा पडतात. ओलं गोणपाट टांगून गिलावा आठवडाभर दमट ठेवा. वर चुनकामच करा. प्लॅस्टिक रंग दिलात तर सगळी मेहनत वाया.

न्हाणीघर हा सगळ्यात नाजूक भाग. वरच्या मजल्यावर लाकडी तुळया असतील तर त्यांची भिंतीत शिरलेली टोकं आरीनं (अणकुचीदार टोच्यानं) टोचून पाहा. आरी सहज रुतली तर लाकूड कुजलंय. ते आधी बदला. भरलेला टब माणसासकट तीनशे किलोच्या घरात जातो, म्हणून टबचा मोह सोडा, शॉवर ठेवा. न्हाणीघराच्या भिंतींचा सांगाडा जुन्या भिंतीपासून ७५ ते १०० मिलिमीटर सोडून स्वतंत्र उभा करा आणि त्या फटीत हवा खेळती ठेवा. जलरोधक थर कडेला ३०० मिलिमीटर, शॉवरपाशी १८०० मिलिमीटर वर चढवा. फरशी बसवण्याआधी २५ मिलिमीटर पाणी चोवीस तास साठवून खालचं छत तपासा.

एसीच्या पाण्याची नळी थेट गटारापर्यंत न्या. ती भिंतीलगत सोडली, की वरून कोरड्या केलेल्या भिंतीत खालून रोज पाणी मुरत राहतं.