लाइट गेली, हे इंग्रजीत कसं सांगाल? या चुका टाळा

तासगाव-पलूसकडच्या शेतकऱ्याला विचारा, "या आठवड्यात लाइट कधीची हाय?" तो सांगेल, "सोमवारपासनं रातची." या बोलण्यात दिव्याचा काही संबंध नाही. विचारणं आहे ते पंपाच्या थ्री फेज विजेचं. आपल्याकडे लाइट म्हणजे वीज. ती येते, जाते, डीपी उडाला की दोन-दोन दिवस रुसते, तिच्या लायटी होतात आणि तिचं बिलही येतं. मराठीत बोलताना यात काडीची चूक नाही, उगाच लाजूही नये. घोळ होतो तो हाच शब्द परत इंग्रजीत नेताना, कारण तिकडच्या लाइटला विजेचा अर्थच नाही. तिकडे तो प्रकाश, नाहीतर दिवा.

त्यामुळे "देअर इज नो लाइट इन अवर व्हिलेज" म्हटलं की परदेशातल्या माणसाला वाटतं, गावात अंधार आहे. भर दुपारी अंधार कसा, हे त्याला कळत नाही. "देअर इज नो पॉवर" किंवा "वी हॅव अ पॉवर कट" म्हणा. द्राक्षं नाहीतर हळद बाहेर पाठवणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. कोल्ड स्टोरेजमध्ये "लाइट प्रॉब्लेम" झालाय असं ईमेलमध्ये लिहिलं, तर समोरचा व्यापारी म्हणेल, बल्ब बदला की! माल तापतोय हे त्याच्या ध्यानातच येणार नाही. तिथे "पॉवर फेल्युअर" हवं. "रातची लाइट"चं "नाइट लाइट" केलं तर आणखी गंमत, कारण इंग्रजीत नाइट लाइट म्हणजे लहान मुलांच्या खोलीत रात्रभर जळणारा झिरोचा दिवा. "वी गेट पॉवर ओन्ली ॲट नाइट" एवढं सरळ वाक्य पुरे. लाइट बिल भारतात सगळ्यांना समजतं, पण अर्जात इलेक्ट्रिसिटी बिलच लिहावं.

"ओपन द लाइट", "क्लोज द लाइट" आणि "ऑन द लाइट" ही तीन भावंडं क्लासमध्ये रोज भेटतात. मधलं आलंय ते आपल्या "बंद कर"मधून. दार बंद करतो तसा दिवाही आपण बंदच करतो, इंग्रजीत मात्र क्लोज दारालाच लागतं. ऑन हे तिथे क्रियापदच नाही, त्याला टर्न किंवा स्विच जोडावं लागतं. समई, निरांजन, मेणबत्ती, चूल असं जिथे खरोखर ज्योत पेटते, तिथे लाइट हेच क्रियापद चालतं आणि त्याचा भूतकाळ होतो लिट. "आय लिट द लॅम्प" समईला शोभतं, ट्यूबला नाही. नामाच्या आधी विशेषण म्हणून मात्र "अ लाइटेड कँडल" असं म्हणायची रीत आहे.

आता मंडपवाल्यांकडे वळू. गणपतीच्या आधी जाहिराती छापून येतात आणि दर वर्षी त्यातल्या काहींवर डेकोरेशनच्या शेजारी "लाइटनिंग" असतं. लाइटनिंग म्हणजे आकाशातून कोसळणारी वीज. ती मंडपात कोणाला हवी आहे? हवी असते ती लाइटिंग, म्हणजे रोषणाई. स्पेलिंगचा हिशेब सोपा आहे. टीनंतर लगेच आय-एन-जी आलं तर रोषणाई. टी आणि आय-एन-जीच्या मध्ये नुसता एन घुसला तर वीज पडली. ई आणि एन दोन्ही घुसले तर अर्थ हलकं किंवा फिकं करणे. गोरेपणाच्या क्रीमवर असतो तो हा. शेवटच्या दोघांचा उच्चार जवळपास सारखाच असल्यामुळे कानावर विसंबू नका.

इथे आपली मराठीही थोडी फसवते. तारेतली वीज आणि ढगातली वीज, दोन्हींना आपला एकच शब्द. "वीज पडून म्हैस दगावली" याचं भाषांतर करताना काहीजण इलेक्ट्रिसिटी घालतात, किंवा "इलेक्ट्रोक्युटेड" लिहितात. इलेक्ट्रोक्युटेड म्हणजे तारेचा नाहीतर यंत्राचा शॉक लागून. ढगातल्या विजेसाठी "किल्ड बाय लाइटनिंग" हवं. विम्याच्या कागदात ही दोन कारणं वेगळी धरली जातात, तेव्हा शब्दाची चूक पैशात पडू शकते. शिवाय लाइटनिंगला अनेकवचन नाही आणि त्याच्या आधी "अ"ही लागत नाही. एकदा चमकली तर "अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग".

लाइटचा दुसरा अर्थ हलका. नाव एक असलं तरी हा शब्द मुळात निराळ्या घराण्यातला आहे. वजनाने हलका तो संस्कृत लघुचा लांबचा भाऊ, प्रकाशवाला रुच्, म्हणजे चमकणे, या धातूचा. इंग्रजीत उच्चार झिजत झिजत दोघे एका रूपात आले. म्हणून आपल्या प्रत्येक "हलक्या"ला लाइट लावता येत नाही. हलका ताप म्हणजे स्लाइट किंवा माइल्ड फीव्हर. हलका आवाज म्हणजे सॉफ्ट. लाइट चहा आपण हॉटेलात बिनधास्त मागतो, इंग्रजीत तो वीक टी. हलक्या कानाच्या माणसाला गलिबल म्हणतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचा व्यवहार करताना हलक्या प्रतीला "लाइट क्वालिटी" लिहाल, तर घेणारा रंग फिका आहे असं समजेल. "लो ग्रेड" लिहा.

हलका पाऊस मात्र खरोखरच लाइट रेन. पण मोबाइलवर तो शब्द दिसला म्हणून बेदाणावाल्यांनी निवांत बसू नये. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे लाइट. शेडवर जाळीत वाळत टाकलेला माल काळा पडायला तेवढा पुष्कळ झाला. तेलाच्या बाटलीवरच्या लाइटचंही तसंच. "लाइट ऑलिव्ह ऑइल" रंगाला आणि चवीला सौम्य असतं, उष्मांक कुठल्याही तेलाइतकेच, ग्रॅमला सुमारे ९ कॅलरी.

स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी थोडं. "घोटाळा उघडकीस आला" याला "केम टू लाइट". "केम इन लाइट" असं काही नसतं. "शासन निर्णयाच्या अनुषंगाने" याला "इन द लाइट ऑफ" छान बसतं, पण अर्थ "हे लक्षात घेता" असा असेल तरच. नुसतं "विषयी" म्हणायचं असेल तर रिगार्डिंग. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, त्यामुळे "लाइट इयर्स अगो" लिहू नका. मित्राला "लाइट घे" म्हणता तिथे "टेक इट ईझी".

प्रसिद्धीच्या झोतात येणे म्हणजे लाइमलाइट. यातल्या लाइमला पुष्कळ जण लिंबू समजतात. तो चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्वाळेत चुन्याचा खडा तापवला की तो डोळे दिपतील असा पांढरा उजेड देतो. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात तो १८३७ मध्ये रंगमंचावर आला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८४३ मध्ये, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं. नाट्यपंढरीत राहून लाइमलाइटचं लिंबू करणं बरं दिसत नाही.

शेवटचं मिरजेत नर्सिंग शिकून परदेशी निघालेल्यांसाठी. सुई टोचलेली कळत नाही अशा नर्सला आपण म्हणतो, "हात हलका आहे हिचा." मुलाखतीत त्याचं "लाइट-फिंगर्ड" करू नका, तो शब्द खिसेकापूला लावतात. "अ जेंटल टच" म्हणा. आणि पेशंट "आय फील लाइट-हेडेड" म्हणाला, तर त्याला हलकं-हलकं, बरं वाटतंय असं समजून उठवून चालवू नका. त्याला भोवळ येतेय. आधी आडवं करा आणि बीपी बघा.