छत्तिसावा जिल्हा: नकाशाशास्त्र शिकताना

एम. एस्सी.च्या पहिल्या सत्रात मी महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा नकाशा केला. सरांनी तो पाहिला आणि विचारलं, "पुणे आणि मुंबई उपनगर एकाच रंगात?" मी म्हटलं, आकडेच तसे आहेत. २०११च्या जनगणनेत पुणे जिल्हा सुमारे ९४ लाख, मुंबई उपनगर साडेत्र्याण्णव लाखांच्या वर. "आणि क्षेत्रफळ?" पुणे १५,६४३ चौरस किलोमीटर, उपनगर ४४६. माझ्या नकाशावर पुण्याचा गडद रंग ऐसपैस पसरला होता आणि जिथे माणसं खरोखर एकमेकांना खेटून राहतात, तो तुकडा डोळे ताणून शोधावा लागत होता.

क्षेत्रघनी पद्धत, म्हणजे आकड्यानुसार प्रदेशात फिका-गडद रंग भरणं, आपण शाळेतच शिकतो, पण तिची ही अट माझ्या तोवर डोक्यात शिरली नव्हती: रंग भरायचा तो घनतेला, टक्केवारीला, दराला. नुसती संख्या दाखवायची असेल तर टिंबं किंवा लहानमोठी वर्तुळं घ्यावीत.

मग घनता काढायला बसले आणि पालघर कोरं राहिलं. २०११च्या तक्त्यात जिल्हे ३५, माझ्या सीमांच्या फाइलमध्ये ३६. पालघर ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. त्यामुळे जुन्या, अखंड ठाण्याची १ कोटी १० लाख माणसं मी नव्या, लहान ठाण्यात कोंबली होती. कोरी जागा निदान दिसते. ठाण्याचा चुकीचा रंग मात्र अगदी बरोबर असल्यासारखा दिसत होता. वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड आणि पालघर या आठ तालुक्यांचे आकडे काढून पुन्हा बेरीज केली, तेव्हा जमलं. एक सवय तेव्हापासून लागली: तक्ता आणि सीमा जोडताना नावावर विसंबायचं नाही, जनगणनेचा संकेतांक वापरायचा. एका फाइलमध्ये उस्मानाबाद आणि दुसरीत धाराशिव असलं की संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे.

नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच उतरवून घ्या. बटणं महिनाभरात हाताखालची होतात. खरा वेळ द्या संख्याशास्त्राला आणि प्रक्षेपणांना, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवतात त्याला. वेताळ टेकडीवरची पायवाट मी जीपीएसने नोंदवली आणि पुण्याच्या जुन्या ४७ एफ/१४ टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावर टाकली, तर ती शंभरएक मीटर सरकलेली. वाट चुकली नव्हती. पृथ्वीचा आकार दोघांनी वेगळा धरलेला: जुनी टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या गोलाभावर. प्रवेशाला पदवी भूगोलाचीच हवी असं सगळीकडे नसतं. माझ्या वर्गात संगणकशास्त्राची आणि स्थापत्याचीही मुलं होती. त्यांचं पायथन प्रोग्रामिंग आमच्यापेक्षा पुढे, पण समोच्च रेषा पाहून घळ कुठली आणि डोंगराची सोंड कुठली हे ओळखताना अडायची. ते कागदावर, पेन्सिलीनेच शिकावं असं माझं ठाम मत आहे.

आणि अक्षरं! याबद्दल अभ्यासक्रमात जेमतेम एक तास होता, मला मात्र हा विषय सगळ्यात जवळचा. इंग्रजी नकाशात डोंगररांगेचं नाव अक्षरं सुटी करून लांबवर पसरवतात. 'सह्याद्री' तसं पसरवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. वळणाऱ्या नदीच्या काठाने 'इंद्रायणी' लिहिलं की अनुस्वार आणि वेलांटी शेजारच्या अक्षरांवर आदळतात. म्हणून मी मराठी नावं शक्यतो सरळ ठेवते, मोठी रांग असेल तर नाव दोनदा लिहिते आणि दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडते. आपल्या भाषेतला नकाशा वाचता यावा यासाठी एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

नोकऱ्या महापालिका, पाणी, शेती, विमा, आपत्ती व्यवस्थापन अशा पुष्कळ ठिकाणी आहेत. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा स्वतः केलेले चार-पाच नकाशे सोबत न्या. मी पहिल्या मुलाखतीला तोच घनतेचा नकाशा नेला होता. समोरच्या बाईंनी त्यावर बोट ठेवून पहिला प्रश्न विचारला, "पालघरचा आकडा कुठून आणलात?"