पर्फचा कॉल स्टॅक खोटं बोलतो तेव्हा
परवा पर्वरीच्या ऑफिसात पर्फने (लिनक्सवर प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) कॉल स्टॅकमध्ये, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्या उतरंडीत, दाखवलं, की आमचं लॉग लिहिणारं फंक्शन थेट मेनमधूनच बोलावलं जातंय. मधली चार फंक्शनं गायब! अशा वेळी कोडवर संशय घेण्याआधी बिल्ड बघा. ऑप्टिमायझेशन चालू असलं की जीसीसी हा कंपायलर सहसा फ्रेम पॉइंटर (स्टॅकमध्ये बोलावणाऱ्या फंक्शनकडे मागे नेणारा दुवा) काढून टाकतो, आणि पर्फ तर त्याच दुव्यांच्या साखळीला धरून मागे जातो. जीसीसीला ‘नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ हा पर्याय लावून पुन्हा बिल्ड करा. जमत नसेल तर पर्फच्या कॉल-ग्राफ पर्यायाला ‘ड्वार्फ’ द्या, म्हणजे तो डीबग माहितीवरून मागे जातो. पर्फची फाइल मात्र पावसाळ्यातल्या मांडवीसारखी फुगते, कारण दर सॅम्पलला (नोंदीला) स्टॅकचे ८१९२ बाइट कॉपी होतात. खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं) त्यातही मावत नाही. उबुंटू लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीपासून ६४-बिट पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसकट येतात. आणि एखादंच फंक्शन दिसत नसेल, तर बहुधा टेल कॉल, म्हणजे त्या फंक्शनने शेवटी दुसऱ्याला बोलावताना स्टॅकवरची आपली जागा सोडून दिलेली असते.